रिकाम्या जागेपुढचं सूप

कपाट आवरताना ती जाडजूड रहस्यकादंबरी हाती लागली आणि उघडताक्षणी तेंदूच्या पानाचा वास आला. कोरडा, किंचित कडवट, तंबाखूची चाहूल असलेला. खूण म्हणून घातलेलं पान अजून तिथंच होतं. भर दुपारी अंगावर सर्रकन काटा आला.

खूनखराब्याच्या कादंबऱ्यांची मला भारी हौस. तुम्हालाही असेल तर कळेल, घाबरण्यातही एक चैन असते, कारण घाबरवणारा पुस्तकात कोंडलेला असतो. कुडव्याला राहायला आले तेव्हा शेजारच्या काकू दुपारभर ओसरीवर तेंदूच्या पानांच्या बिड्या वळायच्या. हात कामात, कान मोकळे. "वाच ना वं बाई, टाइमपास होते," म्हणाल्या, आणि मी वाचू लागले. गावातल्या बायका एकेक करून नाहीशा होतात आणि धानाच्या पुंजण्यांत, कापून रचलेल्या ढिगांत, त्यांचे तुकडे सापडतात, अशी ती कादंबरी. माझा आवाज कापायचा. काकूंची कात्री मात्र पानांवरून कचकच चालत राहायची.

त्यांच्या बाजूला आणखी एक सूप मांडलेलं असे. भिजवलेली पानं, तंबाखू, धागा, सगळं जागच्या जागी. त्यापुढं मात्र कुणी नाही. पहिल्या दिवशी मी तिथं टेकणार, तोच काकू दचकल्या. "तिथं नोको बसू. माह्या बहिणीची जागा हाय." त्यांच्याकडं राहणारी ही धाकटी बहीण बोदलकशाकडच्या जंगलात तेंदूची पानं तोडायला गेली ती परतलीच नाही. वाघानं नेली म्हणाले, पळाली म्हणाले. सगळे थकले तरी काकूंचे यजमान रान तुडवत राहिले. आता तेही गेले होते. ओसरीच्या भिंतीवर त्यांचा फोटो होता, त्याला रोज ताजा हार.

वाऱ्यानं त्या सुपातली पानं सळसळली की काकू सहज म्हणत, "आली वाटते. वाच आता." मी तिकडं न बघता मोठ्यानं वाचायची. खरं सांगते, पुस्तकातल्या प्रेतांपेक्षा मला त्या जागेची जास्त भीती वाटे.

एका दुपारी कादंबरीतला खुनी उघडा पडला. घरचाच माणूस. शोधायला निघालेल्यांत सर्वांत पुढं तोच असायचा, आणि एकाच बाजूला कुणाला फिरकू देत नसे. "तिकडं मी पाहून आलो," म्हणायचा.

कात्री थांबली.

"काय म्हनला तो?"

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. काकूंनी कात्री खाली ठेवली. मग फोटोकडं पाहत हळूच म्हणाल्या, "आमचे हे बी असंच म्हनत होते. नाल्याकडं नोका जाऊ, मी पाहून आलो."

"अहो काकू, गोष्ट आहे ही!"

"हाव, गोष्टच हाय. ठेव आता."

तेवढ्यात सुपातली पानं सळसळली. या वेळी काकू 'आली' म्हणाल्या नाहीत. मी खाली पडलेलं एक पान उचलून पुस्तकात खुपसलं आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी गेले तर भिंतीवर फोटोच्या जागी चौकोनी फिकट डाग होता. आणि ताजा हार बहिणीच्या सुपात ठेवलेला होता.

आता काकूही नाहीत. ते गृहस्थ निर्दोषही असतील बिचारे, कोण सांगणार? जंगलातल्या त्या वाटा ओळखणारंच कुणी उरलं नाही. त्यापुढची पानं मी कधी वाचली नाहीत, आजही वाचली नाहीत. तेंदूचं पान होतं तिथंच ठेवलं आणि पुस्तक मिटलं. वास मात्र हाताला तसाच राहिला आहे.