त्यांचं वजन भराभर उतरत होतं

भात आधी मी सोडला, तोही गुडघ्यांपायी. वय पंचेचाळीसच्या पुढे गेलेलं, वजन एक्याऐंशी किलो. रायपुरात ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घराचा जिना चढताना मला मधे एकदा भिंतीला हात लावून थांबावं लागायचं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आधी दहा किलो कमी करा, मग औषधाचं बघू. भात, पोळी, साखर, बटाटा बंद. अंडी, पनीर, पालेभाजी, दाणे, दही चालेल.

घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग मीपण सोडतो. तुले एकटीले नाही जमणार."

त्यांचं वजन शहात्तर होतं. थोडं पोट सुटलेलं, बाकी काही तक्रार नाही. आणि भाताशिवाय त्यांचं जेवण होतच नसे. त्यांचे वडील विदर्भातून रेल्वेत नोकरीला म्हणून इथे आले आणि इथलेच झाले. घरात बोलणं आमच्या तिकडचं, पण ताटात दोन्ही वेळा भात. मी नागपूरची, लग्न होऊन आले तेव्हा एवढा भात पाहून घाबरले होते. असा माणूस माझ्यासाठी भात सोडतो म्हणाला याचं मला फार अप्रूप वाटलं.

दिवाळी झाली आणि आम्ही सुरुवात केली. अंड्यांसाठी वेगळा तवा आणला. फुलकोबी किसून, वाफवून तिलाच भात म्हणायचं असं मुलीनं मोबाइलवर पाहून शिकवलं. मुलगी कॉलेजात होती. आम्ही मराठीत विचारायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची. पहिले पंधरा दिवस माझं डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची. माझ्या कार्यालयात कोणी वाढदिवसाचा समोसा पुढे केला की मला रडू यायचं, हे खरं आहे. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं वजनकाट्यावर उभे राहायचो आणि मी दोघांचे आकडे एका कागदावर लिहून तो फ्रिजवर लावायचे.

संक्रांतीपर्यंत माझे तीन किलो उतरले होते. त्यांचे सहा.

पुरुषांचं लवकर उतरतं, असं मला सगळ्यांनी सांगितलं. मी मान डोलावली, पण आत कुठेतरी जळायला लागलं. गरज मला होती, उपाशी मी राहत होते, फुलकोबी मी किसत होते, आणि काटा त्यांचा खाली जात होता. होळीच्या सुमारास सदर बाजारातल्या शिंप्याकडे त्यांच्या चार पँटी कमरेत आत घ्यायला दिल्या. शिंपी माप घेताना म्हणाला, भैया एकदम जवान हो गए. मी शेजारीच उभी होते. माझ्या ब्लाउजच्या मापात काही फरक नव्हता.

त्यांची पाठ दुखायची. ते मंत्रालयात होते. राज्य नवं झालं तेव्हा त्यांची बदली तिथे झाली होती, आणि मंत्रालय नव्या रायपुरात गेल्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ कर्मचाऱ्यांच्या बसचा प्रवास. पाठ बसमुळे दुखते, असं आम्ही ठरवून टाकलं. तहान फार लागायची, ती उन्हाळ्यामुळे. थकवा यायचा, तो भात सोडल्यामुळे. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे कारण तयार होतं.

एका रविवारी त्यांच्या कार्यालयातले एक सोबती मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. आरंगकडच्या गावातले, साधे, बोलके. मी त्यांना चहा दिला तर हसत म्हणाले, "भाभी, आप भैया को खाना नहीं देतीं क्या? रोज मेरे डिब्बे का भात खाते हैं।"

नवरा पत्रिका उलटसुलट करत राहिला. मी हसून वेळ निभावली. पाहुणे जिना उतरून गेल्यावर मात्र माझा तोल सुटला.

"पाच महिने झाले मी गोबी किसून राहिली, अन् तुम्ही तिथं भात खाता?"

"तू काहून चिडून राहिली? दोन घास तर खातो," ते म्हणाले. "अन् तेही आता जात नाही."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं. पण त्याचा अर्थ माझ्यापर्यंत पोचला नाही. मी त्यांच्या खोटेपणाबद्दल बोलत होते. माझ्यासाठी म्हणून सोडलं होतं ना, मग मला फसवलं का, हेच मी वेगवेगळ्या शब्दांत म्हणत राहिले. जो माणूस रोज भात खातोय त्याचं वजन दर आठवड्याला कसं उतरतंय, हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. उलट मला वाटलं, बघा, चोरून खाऊनसुद्धा यांचं उतरतं. पुढचे आठ दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. डबा भरून द्यायचे आणि संध्याकाळी तो अर्धा परत आला तरी काही विचारायचे नाही.

त्या आठ दिवसांची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

नवव्या दिवशी सकाळी ते गॅलरीत दाढी करत उभे होते. मुलगी टॉवेल द्यायला गेली आणि तशीच माझ्याकडे आली. "मम्मी, पापा की आँखें पीली हैं।" मी बाहेर जाऊन पाहिलं. उन्हात डोळे स्पष्ट पिवळे दिसत होते, हळद लावल्यासारखे.

आम्हाला कावीळ वाटली. तपासण्या होत गेल्या आणि आठवड्याभरात कळलं की स्वादुपिंडात गाठ आहे आणि ती यकृतापर्यंत गेली आहे. डॉक्टरांनी विचारलं, वजन कधीपासून कमी होतंय? मी फ्रिजवरचा कागद बरोबर नेला होता. का नेला ते सांगता येत नाही. हाताशी असलेलं सगळं उचललं, त्यात तोही आला. डॉक्टर बराच वेळ तो वाचत होते. मग त्यांनी तो घडी करून मला परत दिला. मी विचारलं, यातले आहाराचे किलो किती आणि आजाराचे किती? ते म्हणाले, ते सांगता येणार नाही.

घरी आल्यावर मी कागद पुढ्यात घेऊन बसले. शहात्तर, चौऱ्याहत्तर, बहात्तर, सत्तर. कुठे तरी एक रविवार असा होता की त्याच्या अलीकडे ते माझ्यासोबत बारीक होत होते आणि पलीकडे आजारी होते. तो रविवार मला सापडला नाही. प्रत्येक आकडा माझ्या अक्षरात होता, आणि दोन ठिकाणी तर मी कौतुकानं तारा काढला होता.

आता काहीही खाऊ द्या, असं डॉक्टर म्हणाले. मी मऊ भात केला, वर तूप घातलं, लिंबू पिळलं. त्यांनी वास घेतला आणि ताट बाजूला सरकवलं. मी रोज करायचे, ते रोज सरकवायचे. शेवटी त्यांनीच सांगितलं की आता करू नको, तुले त्रास होते अन् मले वाईट वाटते.

एका दुपारी मी त्यांचे पाय चेपत होते. पाय म्हणजे नुसती हाडं राहिली होती. मी म्हणाले, माझं लक्ष असायला पाहिजे होतं.

"मलेपण मजा येऊन राहिली होती," ते म्हणाले. "तुले हरवून राहिलो होतो ना."

त्यांना माझं मन हलकं करायचं असणार. मी हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

सात आठवडे मिळाले. पावसाळा सुरू होता होता ते गेले. शेवटी त्यांचं वजन किती होतं ते मला माहीत नाही, कारण ते उभे राहू शकत नव्हते.

पुढच्या वर्षभरात माझे सतरा किलो उतरले. काही सोडावं लागलं नाही. समोर ताट असायचं, घास तोंडात फिरत राहायचा आणि मी उठायचे. गुडघे दुखायचे थांबले. याचाही मला राग येतो. जिना सरळ चढता येतो आणि वर गेल्यावर घरात कोणी नसतं. मुलगी नोकरीला पुण्याला गेली.

मध्यंतरी माझी बदली दुसऱ्या विभागात झाली. तिथे मला आधीपासून ओळखणारं कोणी नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्या ओळखपत्रावरचा जुना फोटो पाहिला आणि खुर्ची जवळ ओढून विचारलं, दीदी, एवढं वजन कसं कमी केलं, मलाही सांगा ना. मी त्यांना म्हणाले, आधी सगळ्या तपासण्या करून घ्या. त्या वाट पाहत थांबल्या. मी समोरची फाइल उघडली. त्या थोड्या हिरमुसून आपल्या जागेवर गेल्या. त्यांना वाटलं असेल, मी मुद्दाम लपवते आहे.