पुसलेल्या फेऱ्या

माझे वडील एकतीस वर्षं स्वारगेटच्या एसटी आगारात वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागेल ते ठरवायचं आणि माईकवरून सांगायचं, हे त्यांचं काम. खरं तर त्यांना ड्रायव्हर व्हायचं होतं, पण तांबडा आणि हिरवा त्यांना नीट ओळखता येत नाही, म्हणून तरुणपणीच डोळ्यांच्या तपासणीत बाद झाले. आई गेल्यावर ते आमच्याकडे, पुण्याजवळच्या मांजरी गावात राहायला आले, तेव्हा मी त्यांना कॉम्प्युटरवर बस चालवायचा एक गेम लावून दिला. टेबलाला स्टिअरिंग बसवलं, खाली पेडल ठेवली. पहिल्या दिवशी बाबा शर्ट खोचून बसले.

गेममधलं शहर परदेशी होतं आणि बस पांढरी.

"छान आहे," बाबा म्हणाले. "पण ही जाते कुठे?"

म्हणून मी मॉड शोधायला लागलो. मॉड म्हणजे गेम खेळणाऱ्यांनीच हौसेने बनवलेली भर. मूळ गेममध्ये ती घालता येते. लाल बस मिळाली, आपल्याकडच्यासारखा घाट मिळाला, मराठी पाट्या मिळाल्या. बस पडद्यावर आली तेव्हा बाबांनी विचारलं, "लाल आहे ना रे?"

"एकदम लाल."

त्यांनी लगेच वही केली. फेरीचा क्रमांक, सुटण्याची वेळ, किती मिनिटं उशीर, उशिराचं कारण. आठ महिन्यांत चारशे बारा फेऱ्या झाल्या. गेमही त्या मोजत होता आणि पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दाखवत होता.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण तोवर बस चालवण्याचा नाद बाबांना आणि मॉड घालण्याचा मला लागला होता. पावसाचा मॉड, आरशांचा मॉड, बोचकी घेतलेल्या प्रवाशांचा मॉड असं करत नव्वदच्या वर गेलो. दोन मॉड एकच फाइल बदलायला गेले की भांडण ठरलेलं. कोणता आधी आणि कोणता नंतर लावायचा यावर सगळं अवलंबून. मी क्रम बदलायचो, एक दुरुस्त व्हायचं, दुसरं बिघडायचं. पाट्यांवर अक्षरांऐवजी चौकोन यायचे. एकदा सगळे प्रवासी टपावर उभे राहिले.

"आज मंडळी टपावर आहेत," बाबा आतून म्हणाले. "बघ जरा सवडीने." मग थोड्या वेळाने, "तू हे सगळं उलटसुलट करतोस, माझ्या फेऱ्यांची प्रत ठेवलीयेस ना?"

"हो," मी म्हणालो. ठेवली नव्हती. ठेवू कधीतरी, असं मनात होतं.

त्यानंतरच्या शनिवारी बाबा माझ्या बायकोबरोबर मंडईत गेले होते. मी आणखी एक मॉड घातला आणि गेम सुरूच होईना. तासभर क्रम बदलून पाहिला. शेवटी वैतागून अख्खं फोल्डरच उडवलं, पुन्हा पहिल्यापासून करू म्हणून. बाबांच्या फेऱ्याही त्याच फोल्डरमध्ये होत्या. गेम झकास सुरू झाला. कोपऱ्यात आकडा होता शून्य.

बाबा आले, मटारची पिशवी ओट्यावर ठेवून सरळ टेबलाशी गेले.

"अरे, फेऱ्या कुठे गेल्या?"

खरं सांगायला काहीच अडचण नव्हती. ते रागावलेही नसते. तरी माझ्या तोंडून आलं, "काल बंद करताना काही दाबलंत का तुम्ही?"

त्यांनी आठवून पाहिलं. "विचारलं होतं खरं काहीतरी त्याने. मी 'हो' केलं."

गेम रोजच विचारतो, बाहेर पडायचं का. मला ते माहीत होतं.

"तेच असणार," मी म्हणालो.

"चुकलं माझं," बाबा म्हणाले. "तुझी एवढी मेहनत गेली."

मी मॉड पुन्हा घातले, पण त्यानंतर ते स्टिअरिंगला बसले नाहीत. मी आग्रह केला तर म्हणायचे, "नको, पुन्हा काहीतरी व्हायचं." मग टीव्हीचा रिमोटही आमच्यापुढे धरून विचारायला लागले, हेच बटण ना? गॅस बंद केलाय का ते दोनदा पाहायचे. एक दिवस स्कूटरची किल्ली त्यांनी आपणहून माझ्या बायकोच्या हातात दिली. ती रात्री जेवताना मला म्हणाली, "बाबांचं काहीतरी बिनसलंय." मी म्हणालो, "वय झालं आता."

दीड महिन्याने रक्तदाब तपासायला त्यांना डॉक्टरांकडे नेलं. तपासणी झाल्यावर बाबा उठले नाहीत.

"डॉक्टर, विसरण्यावर काही औषध असतं का? मी याचं काम पुसून टाकलं आणि कशाला 'हो' केलं ते मला आठवतसुद्धा नाही."

डॉक्टरांनी त्यांना तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, घड्याळ काढायला लावलं. बाबांनी वेळापत्रकाच्या सुबक आकड्यांत घड्याळ काढलं आणि न विचारताच तिन्ही शब्द सांगितले.

"काका, माझ्यापेक्षा बरी आहे तुमची स्मरणशक्ती."

"मग पुसलं कसं मी?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं.

"होतं असं कधी कधी," मी म्हणालो.

बाहेर ते वाकून चप्पल घालत होते. त्यांचा चेहरा दिसत नव्हता म्हणूनच मला बोलता आलं असावं.

"बाबा, तुम्ही काही पुसलं नव्हतं. मी पुसलं. तुम्ही मंडईत गेला होतात तेव्हा."

त्यांनी दुसऱ्या पायात चप्पल सरकवली. "आणि प्रत?"

"ठेवलीच नव्हती."

ते भिंतीला धरून सरळ झाले. "एका फलाटाला दोन गाड्या मीही लावल्यात. नोटीस यायची. सही करून ती घ्यायचो." दोन पायऱ्या उतरून ते थांबले. "दुसऱ्या कंट्रोलरचं नाव नाही सांगितलं कधी."

रिक्षावाल्याला घरचा पत्ता त्यांनीच सांगितला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेकडून किल्ली मागून घेतली. तिला काय सांगितलं, माहीत नाही. तिने मला काही विचारलं नाही. गेमला मात्र ते बरेच दिवस शिवले नाहीत. मग एका सकाळी म्हणाले, "त्यातले तुझे ते मॉड सगळे काढ. मूळचं आहे तेवढंच ठेव."

"लाल बस तरी राहू दे. या वेळी नीट लावतो, एकेक करून."

"नको. काढलेस की त्याला पुन्हा हात लावू नकोस."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. आता ते त्या परदेशी शहरात पांढरी बस चालवतात. नवी वही केलेली नाही.

गेल्या आठवड्यात आत्याचा फोन आला. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून ते स्पीकरवर बोलतात. मी चहा घेऊन दारात आलो होतो.

"दादा, विसरायला होतं म्हणत होतास, डॉक्टर काय म्हणाले?"

"काही नाही गं," बाबा म्हणाले. "मशीन बिघडलं होतं."

मी तसाच मागे फिरलो. आत्याला स्वतः फोन करून खरं सांगायचं ठरवलंय. अजून केलेला नाही.