तिसऱ्या खणातलं कार्ड

सुमाचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. “वन्सं, हे उठत नाहीत हो. दोनदा चहा केला…” मी तिलाच रागावले. “अगं, हलवून बघ की जरा!” बत्तीस वर्षं शाळेत शिकवल्यामुळे मला आधी रागवायची सवय, ऐकायची नंतर. हुबळीहून धारवाडला, मळमड्डीतल्या त्याच्या घरी पोचेपर्यंत मी गाडीत मनातल्या मनात शिरूलाच झापत होते, की एवढा वेळ झोपतात काय? शिरू, माझा धाकटा भाऊ, मेंदूचा डॉक्टर, झोपेतच गेला होता. हृदय असेल, असं सगळे म्हणाले. सव्वा महिना झाला, माझा अजून विश्वास बसत नाही. माझ्याहून सहा वर्षांनी लहान… रांग मोडून असं कुणी पुढं जातं का?

त्याची कामाची पद्धत न्यारी होती. पेशंट आला की काय होतंय हे विचारायच्या आधी तो म्हणायचा, “स्वल्प नडदु तोरसरी,” म्हणजे जरा चालून दाखवा. दारापासून टेबलापर्यंत माणूस कसा येतो, हात कुठला हलतो, पाऊल कुठलं घासतं, हे सगळं एका कार्डावर उतरवायचं. दिसलं ते आधी, रोगाचं नाव शेवटी. हाताखालच्या विद्यार्थ्यानं घाईनं नाव आधी लिहिलं तर हा शांतपणे कार्ड फाडून कोरं हातात द्यायचा. कार्डांची तीन खणांची लाकडी पेटी होती. पहिल्यात बरे होणारे, दुसऱ्यात औषधानं आटोक्यात राहणारे, तिसऱ्यात न थांबणारे. आणि प्रत्येक कार्डाच्या तळाशी एक ओळ ठरलेली: घरी कोणाला सांगितले. ती रिकामी असेल तर केस पुरी झाली नाही, असं त्याचं म्हणणं. केलगेरीच्या तळ्यावर फिरायला गेलो तरी याची नजर लोकांच्या हातापायांवर. “लग्नात नवरीचंसुद्धा पाऊलच बघशील तू,” म्हणून मी त्याला चिडवायची.

गेल्या वर्षी त्यानं मला बोलावून घेतलं. “अक्का, जुनी कार्डं नीट उतरवून दे की. माझं अक्षर आता मलाच लागत नाही.” मला काय आनंद झाला! दर गुरुवारी मी धारवाडला जायची. तो शाल गुंडाळून खुर्चीत बसायचा, मी लिहायची. शालीवरून मी टोमणाही मारला, की अगदी अप्पांसारखा म्हातारा दिसायला लागलास. त्यानं शाल आणखी घट्ट ओढून घेतली. हळूहळू मला त्यातलं कळायला लागलं, तळ्यावर मीही लोकांचे हात न्याहाळायला लागले. मजकूर संपला की तो विचारायचा, “खण कुठला?” आणि मी उत्तर द्यायची. बरोबर आलं की म्हणायचा, “पास.” साठी उलटलेल्या धाकट्या भावाला मास्तरीण बहिणीला पास करण्यात फार मजा वाटायची.

एका गुरुवारी पुढ्यात जुनं कार्ड नव्हतं. त्यानं आठवणीतून सांगितलं, मी लिहिलं. “खण कुठला?” “तिसरा,” मी ताडकन म्हणाले, आणि वर शहाणपण केलं, “एवढं हात वाळेपर्यंत याच्या घरचे डोळे मिटून बसले होते काय रे?” शिरू हसला. “घरच्यांना माणूस दिसतो गं, अक्का. हात कोण बघतं?” मग म्हणाला, “पास,” आणि सुमाला चहा टाकायला सांगितला.

गेल्या आठवड्यात त्याचा एक विद्यार्थी कॉलेजसाठी पेटी न्यायला येणार होता, म्हणून मी आणि सुमा कार्डं लावत बसलो. बाकी सगळ्यांवर केस नंबर होता, एकावर नव्हता. काय आहे बघू म्हणून मी मोठ्यानं वाचायला लागले. पुरुष, निवृत्त. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांमधला मांसल भाग खोल गेलेला. दंडावर कातडीखाली स्नायू आपोआप फडफडतात. स्पर्श नीट कळतो. लेखणी धरता येत नाही. शर्टाची बटणे पत्नी लावते. आडवे झाल्यावर दम अपुरा पडतो…

“वन्सं, थांबा.” सुमानं कार्डावर हात ठेवला. “हे यांचं आहे. बटणं मी लावत होते. बोटांत संधिवात आहे म्हणाले होते. तीन तीन उशा घेऊन झोपायचे…”

हृदय नव्हतंच ते, झोपेत त्याला दमच पुरला नव्हता. दर गुरुवारी मी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसत होते. तळ्यावरच्या परक्या माणसांचे हात मी बघितले, आणि त्या शालीखाली एकदाही डोकावले नाही. न थांबणारा, असा निकालही मीच दिला, तोही ताडकन. त्याला आधीच माहीत होतं, पण ऐकावं लागलं ते माझ्या तोंडून. याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

ते कार्ड मी पेटीबरोबर दिलं नाही. ते माझ्या चष्म्याच्या घरात आहे, रोज हाताला लागतं. त्या दिवशी सुमा आत गेल्यावर मी उरलेलं वाचलं. तळाची ओळ त्यानं रिकामी सोडली नव्हती. माझ्याच वळणदार अक्षरात, त्या गुरुवारी काही न कळता मीच लिहिलेलं आहे:

घरी कोणाला सांगितले: थोरल्या बहिणीला.