बरड मातीची लंगडी शेळी

चहा उकळेपर्यंत सांगून टाकतो, पण आधी कबूल करा, हसणार नाही म्हणून. छे, तुम्ही हसणारच! माझी सख्खी बायको लग्नाच्या मांडवापासून हसतेय, तिथं तुमचं काय घेऊन बसलात!

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं. सरकार नागपुरात, माती वऱ्हाडात आणि अक्कल सगळी पुण्याहून आलेल्या माझ्या डोक्यात, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. शेतकी खात्याच्या प्रयोगशाळेत मी मदतनीस होतो. नोकरी कच्ची. नांदुऱ्याची इंदू मला मनापासून आवडली होती, तिलाही मी फारसा नावडलो नव्हतो. पण तिचे वडील कापसाच्या पेढीवरचे मुनीम. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "आधी पक्के व्हा, मग या." जणू मी आंबाच होतो!

पक्कं होण्यासाठी एक काम मिळालं. चिखली तालुक्यात, उंद्रीच्या पलीकडच्या एका गावची माती कोणत्या जातीची हे शास्त्रशुद्ध ठरवायचं. म्हणजे काय? तर माती प्रयोगशाळेत तपासायची, पाऊसपाणी विचारायचं, जमिनीचे चढउतार काढायचे आणि तिन्हींचा मेळ घालून अहवाल लिहायचा. गावाचं नाव मात्र सांगत नाही हं! गावकऱ्यांची नातवंडं तिथं अजून शेती करतात.

मलकापूरला रेल्वेतून उतरलो, बैलगाडीनं घाट चढलो आणि मे महिन्याच्या उन्हात गावात पोचलो. सोबत माती उकरायचं गिरमिट, ॲसिडची बाटली आणि कापडी पिशव्या. सुखदेव पाटलांच्या ओसरीवर गावची वजनदार मंडळी जमलेली.

"या जी, मातीवाले साहेब," पाटील म्हणाले. "मातीची जात ठरवून सरकार काय करनार?"

"ज्ञानात भर पडेल."

"अन् शेतसारा?"

"तो जमिनीची प्रत पाहूनच ठरतो म्हणा. पण ते खातं वेगळं!"

पाटलांनी शेजारी बसलेल्या मेहबूबखांकडे पाहिलं. मेहबूबखांनी गणपत माळ्याकडे पाहिलं. मग पाटील आत वळून ओरडले, "अवं, साहेबाले रस वाढा!"

तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं. माझं लक्ष रसाकडे होतं.

"पाटील, आधी काम उरकू या," मी एकदा म्हणून पाहिलं.

"काम काय पळून जाऊन राह्यलं काय? मातीले पाय हायेत काय जी? घ्या अजून वाटीभर!"

वाटीभर म्हणता म्हणता मी गळ्यापर्यंत भरलो. ऊन लागू नये म्हणून चारी बाजूंनी झाकलेली दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, दारात उभी. आत गादी, गादीवर मी. घुंगरं वाजली आणि मी घोरायला लागलो. वाटेत दोन्ही अंगांना काळीभोर, कापसाची जमीन पसरली होती म्हणे. मी ती पाहिली नाही, झोपेत कोण काय पाहणार?

उतरलो तर समोर बरड जमीन. खडे, चुनखडी, मागे एक उघडीबोडकी टेकडी, टेकडीवर वाकडी बाभूळ आणि बाभळीखाली एक लंगडी शेळी. गिरमिट वीतभर आत गेलं आणि अडलं. मातीवर ॲसिड टाकलं तशी ती फसफसली.

"चिडली वाटते," पाटील म्हणाले.

मी पिशवी भरली, टेकडीचं चित्र काढलं. बसलेल्या बैलासारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मेहबूबखां. त्यांचं शेत गावाच्या अगदी उलट बाजूला, असं तेच म्हणाले. आधी शेवया, मग रस, मग झाकलेली दमणी, मग झोप. "साहब, उतरा. आली आपली जमीन. बस हीच आहे गरिबाची दौलत!" समोर बरड, खडे आणि पुन्हा एक टेकडी! ही मात्र उपड्या घमेल्यासारखी. तिच्यावरही वाकडी बाभूळ, खाली लंगडी शेळी. तिसऱ्या दिवशी गणपत माळी. तिसरी टेकडी, तिसरी बाभूळ, तिसरी शेळी.

"अहो, एकदाही संशय आला नाही का?" असं विचारताय ना? आला तर! इतकाही मूर्ख नव्हतो मी.

"गणपतराव," मी करड्या आवाजात विचारलं, "इकडच्या सगळ्या शेळ्या लंगड्याच कशा हो?"

गणपत जरा घोटाळला. डोकं खाजवून म्हणाला, "मातीच तशी हाये जी."

आणि मी जागच्या जागी उडालो! अरे, किती सोपं! मातीत चुना जास्त, चुना चाऱ्यात, चाऱ्यातून सांध्यात! मी गणपतला मिठी मारायचा तेवढा राहिलो होतो. मग पावसाचं विचारलं. तिघांचं उत्तर एकच, "ढग येते, पाह्यते अन् निंघून जाते." मी लिहिलं: 'गावाभोवतीच्या तीन टेकड्या ढगांना परतवून लावतात.'

नागपुरात तीनही पिशव्या तपासल्या. निकाल दशांशापर्यंत सारखे! दुसरा कोणी असता तर घाबरला असता. मी पेढे वाटले. गावभर एकाच जातीची माती, असं एकजिनसी शिवार कोणी पाहिलं होतं का? अहवाल असा लिहिला की वाचणाऱ्याला गावाची कीव यावी. 'या मातीत काहीही रुजत नाही. प्रमुख वनस्पती: दर टेकडीस एक बाभूळ. प्रमुख प्राणी: दर बाभळीस एक लंगडी शेळी.' चित्रं तीन जोडली. इंदूच्या वडिलांना कळवलं, मुहूर्त बघायला हरकत नाही.

आणि शेळीनंच घात केला. मोठे साहेब इंग्रज, पण मुक्या जनावरांवर जीव टाकणारे. मराठीची सरकारी परीक्षा पास झालेले, त्यामुळे बोलणं ग्रंथासारखं. अहवाल हातात घेऊन म्हणाले, "या दुर्दैवी शेळ्यांस मी स्वतः पाहू इच्छितो. आपणही चलावे."

गेलो. पाटलांनी सकाळी पहिली टेकडी दाखवली. साहेबांनी शेळीचा पाय हातात घेतला, डोळ्यात पाणी आणलं आणि खिशातला रेशमी हातरुमाल काढून पायाला बांधला. रुमालाच्या कोपऱ्यावर त्यांच्या नावाची निळी अक्षरं भरलेली होती.

दुपारी मेहबूबखांच्या घरी जेवण. साहेबांनीही रस ओरपला. साहेब झाला तरी माणूसच ना! झाकलेल्या दमणीत आम्ही दोघं आडवे झालो. सकाळपासून साहेबांपासून हलता न आलेले पाटील गाडीवानाशेजारी बसले होते. मेहबूबखां बिचारे सकाळपासून स्वयंपाकाच्या व्यवस्थेत. रुमालाची त्यांना काय कल्पना!

उतरलो. घमेल्यासारखी टेकडी. बाभूळ. बाभळीखाली शेळी. शेळीच्या पायाला रेशमी रुमाल.

अहो, तेव्हा कळलं मला! त्या क्षणी! तीन टेकड्या, तीन बाभळी, तीन पिशव्या, सगळं डोळ्यांसमोर एकमेकांत विरघळून एक झालं. एकाच टेकडीला मला तिन्ही बाजूंनी फिरवलं होतं!

"पाटील," साहेब शांतपणे म्हणाले, "ही शेळी मजला परिचित वाटते."

पाटील जराही डगमगले नाहीत. "नाही जी. आपण सकाळी पट्टी बांधली थे गावात समजलं. इकडच्यायनंही बांधली. आमची मानसं लवकर शिकतेत."

साहेब वाकले. "परंतु यावर माझ्या नावाची अक्षरेही आहेत."

"शाळा चांगली हाये गावात," पाटील म्हणाले.

साहेब माझ्याकडे वळले. "आपले शास्त्र काय म्हणते?"

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? खरं बोलायला हवं होतं, मान्य. पण डोळ्यांसमोर इंदू उभी होती आणि तिच्यामागे तिचे वडील. मी घसा साफ केला.

"सर, चांगली प्रथा या मातीत फार लवकर रुजते."

"या मातीत काहीही रुजत नाही, असे आपणच लिहिले आहे."

मी बाभळीकडे पाहिलं. गाडीमागून आलेले मेहबूबखां हळूच म्हणाले, "साहब, चाय घेता काय?"

"नको," साहेब म्हणाले. "आणि तिसरी टेकडी पाहण्याचेही प्रयोजन नाही. तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. भूक गेली. शेवटी हुकूम आला. म्हणून दाखवतो, पाठच आहे: 'या गृहस्थांस मातीतले काही कळत नाही. तथापि एकाचे तीन करून ते ठामपणे मांडण्याची त्यांची हातोटी सरकारच्या उपयोगी पडेल. यांस आकडेवारीच्या कामावर कायम करावे.'

कायम! मुनीमजींनी पुढचं-मागचं काही वाचलं नाही, तेवढा एक शब्द वाचला आणि मुहूर्त धरला.

लग्न नांदुऱ्याला. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली आणि मांडवाच्या दारात घुंगरं वाजली. सुखदेव पाटील, मेहबूबखां, गणपत माळी, तिघंही! मला खरंच भरून आलं. ज्यांनी मला बुडवलं तेच अक्षता टाकायला आले होते.

"पाटील, गावाचं काय झालं?" पाटील जवळ येऊन उभे राहिले तसं मी मुंडावळ्या सावरत हळूच विचारलं.

"काय होनार? नवा साहेब धाडला. काळी पाह्यली, काळी लिहून नेली. तुमच्यासारखा अधिकारी पुन्हा भेटनार नाही जी. हा जेवतच नाही!"

"सारा वाढला?"

"वाढला थोडा. काऊन चिंता करता? आज आनंदाचा दिवस. हा घ्या आहेर."

त्यांनी मांडवाच्या दाराकडे खूण केली आणि तिथं उभ्या गाडीवानानं दोरी सोडली. लंगडत लंगडत ती शेळी भरल्या मांडवातून, एवढ्या पाहुण्यांमधून, नेमकी माझ्याकडे आली आणि माझ्या शेल्याचा पदर चघळायला लागली. भटजी थांबले. अंतरपाटाच्या पलीकडून खुदकन हसू आलं.

"पाहा साहेब," पाटील सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुम्हाले तीनदा भेटून वळखू नाही आली. तिनं तुम्हाले पह्यल्याच दिवशी वळखलं होतं!"