कडूबाईची भाववाचक नामं

युसूफ वडगावच्या शिवेवर मेंढपाळांची एक वस्ती आहे. तिथली कडूबाई दुसऱ्यांदा दहावीच्या इंग्रजीत नापास झाली, तेव्हा तिच्या मुली शाळेत जात होत्या आणि ती स्वतः गावच्या महिला दूध संस्थेत दूध मोजून घ्यायचं काम करत होती. संस्था गावात दूध थंड करायचं केंद्र उभारणार होती. ते सांभाळायला बाईच पाहिजे, हे बायकांनी सभेत भांडून मंजूर करून घेतलं होतं. पण ती दहावी पास हवी, ही अट काही सुटली नाही. कडूबाईचे बाकीचे सगळे विषय सुटले होते. इंग्रजी तेवढं आडवं येत होतं, आणि त्यातही भाववाचक नामं.

"गाय कळती, बादली कळती," ती नवऱ्याला, सुग्रीवला म्हणायची. "पर ते काइंडनेस, फ्रीडम, ते कुठं बघायचं?"

त्याच वर्षी दुष्काळ पडला. आधी विहिरी आटल्या, मग दूध आटलं. वस्तीवरची सगळी जनावरं चारा छावणीत नेऊन बांधावी लागली. मुलींना मावशीकडं ठेवून कडूबाई, सुग्रीव आणि सासू चतुराबाई म्हशींसोबत पाचटाच्या छपराखाली राहायला आले. शेजारच्या दावणीला अर्जुनरावांची बैलजोडी होती. अर्जुनरावांनी सगळी नोकरी केजच्या एका शाळेत इंग्रजी शिकवण्यात काढली होती. आता निवृत्त झाले होते, आणि बैल गड्यावर सोपवायला मन होईना म्हणून स्वतःच छावणीत आले होते. कडूबाईच्या हातातलं पुस्तक त्यांनी पाहिलं आणि दुपारच्या वेळी शिकवायचं कबूल केलं.

"गुणाचं किंवा अवस्थेचं नाव म्हणजे भाववाचक नाम," त्यांनी सुरुवात केली.

कडूबाईनं मान डोलावली, पण चेहरा कोराच राहिला. अर्जुनरावांनी पुस्तक मिटलं.

"तुमचं नाव कडू कसं पडलं?"

"माझ्या आधीच्या बहिणी जगल्या न्हाईत, गुरुजी. मी तरी वाचावं म्हणून कडू ठिवलं."

"कडू म्हणजे बिटर. आता कारलं बाजूला ठेवा, कडुनिंब बाजूला ठेवा. जिभेवर जे उरतं, त्याला काय म्हणाल?"

"कडूपणा."

"बिटरनेस. झालं तुमचं पहिलं नाम."

त्या 'पणा'नं तिची वाट मोकळी झाली. म्हैस अशक्त म्हणजे वीक, तिचा अशक्तपणा वीकनेस. टँकरवाला प्रामाणिक म्हणजे ऑनेस्ट, त्याचा प्रामाणिकपणा ऑनेस्टी. सगळ्याच शब्दांना नेस लागत नाही, काहींची शेपटं निराळी असतात, हे ती पाण्याच्या रांगेत उभ्या उभ्या घोकू लागली. स्ट्राँगचं स्ट्रेंग्थ. ब्रेव्हचं ब्रेव्हरी. पुढं पुढं रांगेतल्या बायकाही एकमेकींना "पेशन्स ठेव गं" म्हणायला लागल्या.

चतुराबाईला मात्र हे पटत नव्हतं. "जित्राबं उपाशी अन् हिला नेस सुचतंय," ती कुरकुरायची.

पेपरच्या सकाळी त्यांची गाभण म्हैस बसली ती उठेना. सुग्रीव डॉक्टरला आणायला पळाला. कडूबाई म्हशीचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि एसटी डोळ्यांदेखत निघून गेली.

चतुराबाई जवळ आली. "ऊठ. पेपर हाय ना तुझा?"

"न्हाई जात मी, आत्याबाई. हिला सोडून कशी जाऊ?"

"कावून न्हाई? मी हाय की हितं. जनमभर जनावरंच उठिवलीत मी. तुझं काम मला येत न्हाई, ते तू कर."

तिनं सुनेच्या हाताला धरून तिला उठवलं आणि भाकरी फडक्यात बांधून दिली. अर्जुनरावांनी मोटरसायकल काढली.

पेपरात 'डीप' आलं. आटलेल्या विहिरीच्या काठावरून रोज दोराला नवा तुकडा बांधून सोडलेली बादली तिला दिसली आणि तिनं न अडखळता 'डेप्थ' लिहिलं. 'ब्रेव्ह' आलं, तेव्हा तिला म्हशीपाशी बसलेली सासू आठवली.

ती परतली तेव्हा म्हैस उभी होती. चतुराबाईनं पोटाखाली पोती घालून, शेजारचे गडी बोलावून तिला उठवलं होतं. डॉक्टरचं औषधही पोटात गेलं होतं.

"ही उठली," चतुराबाई म्हणाली. "तुझं?"

"माझंबी."

जूनमध्ये निकाल लागला. कडूबाई पास झाली, आणि इंग्रजीत काठावर नव्हे, चांगली ऐसपैस. पुढच्या वर्षी शिवारात चारा झाला, दूध वाढलं आणि केंद्र सुरू झालं. संस्थेच्या अध्यक्ष तुळजाबाईंनी कुलपाची किल्ली सगळ्यांसमोर कडूबाईच्या हातात दिली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुग्रीव भिंतीला टेकून बघत उभा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच कॅन घेऊन बायकांची रांग लागली. चतुराबाई सरळ पुढं घुसली.

"रांगेत या, आत्याबाई," कडूबाई म्हणाली.

चतुराबाई मागं गेली. तिथून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "लई कडक हाय आमची सून. परीक्षा पास हाय ती."