ॲसिटोन स्वच्छ राहिलं

पदनाम: काचसामान धुणारा कर्मचारी. वर्ग: अकुशल. कर्तव्य: सांगितलेले भांडे सांगितल्या दिवशी स्वच्छ करणे. रसायनशास्त्रीय मतप्रदर्शन: अपेक्षित नाही.

प्रयोगशाळेत त्यांना सगळे काका म्हणत. कुणाचा प्रयोग फसला हे एकतीस वर्षं त्यांना विभागप्रमुखांच्या आधी कळत आलं होतं, कारण फसलेले प्रयोगच तळाला घट्ट चिकटतात. याची वाच्यता त्यांनी कधी केली नाही.

एक संशोधक मुलगी होती. ती डॉक्टर व्हायच्या आधीपासूनच काका तिला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत. पाच वर्षं ती ग्राफाइटच्या थराचा एक तुकडा घडवत होती. चिमुकला, पण मोजून दोनशे बावीस कार्बनचा. आधी बेंझिनच्या कड्या जोडून सैल जाळं विणायचं, मग शेवटच्या पायरीला लोखंडाचा क्षार घालून ते सपाट मिटवायचं. त्यात एकशे आठ हायड्रोजन गळायला हवेत. एकशे सातांना कुणी विचारत नाही. प्रबंधाच्या मुदतीचे अकरा दिवस उरले होते आणि विणलेलं सगळं जाळं एकाच फ्लास्कात गेलं होतं.

बुधवारी ती तो फ्लास्क घेऊन मोरीपाशी आली. तळाशी काळी भुकटी.

“धुऊन टाका, काका. डांबर झालंय. कशातच विरघळत नाही.”

“कशातच?”

“कशातच! मागे केलेल्या धाकट्या रेणूचं कसं पिवळंधमक द्रावण व्हायचं. हे मेलं ढिम्म!”

काकांनी सवयीने थोडं ॲसिटोन ओतलं, फ्लास्क गरगर फिरवला, उजेडात धरला. आणि हातातला ब्रश खाली ठेवला.

“डॉक्टरीणबाई, डांबर आधी ॲसिटोन तपकिरी करतं, मग माझा जीव खातं. हे बघा, पाण्यासारखं स्वच्छ.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय ते तुम्ही शिकलात. पण पेन्सिलीचं टोक तरी कशात विरघळतं हो?”

तिने फ्लास्क परत हातात घेतला. पाच वर्षं ग्राफाइट करायला झटलेली बाई, ते ग्राफाइटसारखं वागलं म्हणून मोरीत ओतायला निघाली होती.

रेणूंचं वजन करणाऱ्या यंत्रात तिने भुकटी कोरडीच घातली. दुपारी आकडा आला. एकशे आठ गळाले होते. ना एक कमी, ना एक जास्त.

काकांच्या वहीत त्या दिवसाची नोंद आहे: आलेली भांडी चाळीस, धुतलेली एकोणचाळीस.