डावीकडचं दार

आधी काकांचं सांगतो. आमच्या कंपनीच्या बसचे ते ड्रायव्हर. राहतात कामठीला. आईसाठीचा तो वीतभर ट्रक मी बनवला असं ते सगळ्यांना सांगतात, पण त्याला कुणाचे हात किती लागले ते मला माहीत आहे. काकूंनी मला रविवारी उपाशी परत जाऊ दिलं नाही, तेही लिहून ठेवतो. पुढचं लिहिताना मी मध्येच थांबलो तर निदान एवढं तरी कागदावर राहील.

मी माण तालुक्यातला. दहावीच्या आधीच शाळा सुटली आणि कामाच्या मागे फिरत फिरत इतक्या लांब, नागपूरजवळ हिंगण्याच्या कंपनीत येऊन पडलो. खोली मनीषनगरात. सकाळी तिथूनच बस पकडायची. मी पुढच्या सीटवर बसायचो, कारण मागे बसलं की मला गाडी लागायची. काकांच्या पुढ्यात, काचेखाली, अंगठ्याएवढी एक मिलिटरी जीप चिकटवलेली होती. टायरांवरच्या रेघासुद्धा दिसायच्या.

"कुठं मिळाली?" मी विचारलं.

"मिळाली नाही गा, बनवली. तुले पाह्याची असन तं रविवारी घरी ये."

गेलो. फ्रिजवर रणगाडे, पंख्याच्या कडेनं दोऱ्याला लटकलेली विमानं, दिवाणावर पुठ्ठ्याचे खोके. काकू म्हणाल्या, "लोकाइच्या घरी दिवाणावर पाहुणे बसतात, आमच्या इथं तोफा बसतात. सरकव थे आन् बस बाबू. तुटलं तं माह्यं नाव सांगजो, मले सवय आहे."

काकांनी मला एक जुनं लढाऊ विमान दिलं, जुळवून बघ म्हणून. माझा स्वभाव पहिल्यापासून भित्रा. गॅस बंद केला का, म्हणून बसस्टॉपवरून खोलीवर परत जाणारा मी माणूस. पण तांदळाएवढा तुकडा चिमट्यात धरला की श्वास आपोआप हळू होतो, हे मला त्या टेबलावर कळलं. मग रविवार म्हणजे कामठी, असंच झालं. पॉलिश पेपरनं घासायचं, फटीत पुट्टी भरायची, जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या फवाऱ्यानं रंग मारायचा. मी एक विमान केलं, एक रणगाडा केला. सुखात होतो म्हणायचं.

मग भाऊ गेला.

भाऊ फौजेत होता, माझ्यापेक्षा मोठा. लढाईत नाही गेला. डोंगरातल्या रस्त्यावरून ट्रक दरीत गेला, त्यात तो आणि ट्रक चालवणारा, दोघंही. भाऊ शेजारी बसला होता. त्याच्या सामानाची पेटी घेऊन आलेल्या फौजेतल्या जोडीदारानं हे मला दोनदा सांगितलं. पण तो हिंदीत बोलला आणि आईला हिंदी समजत नाही. तिला समजलं ते गावातलं. भाऊ सुट्टीवर आला की सगळ्यांचे ट्रॅक्टर चालवायचा, तेव्हा ट्रकही तोच चालवत असणार, असं कुणीतरी बोललं. मग दहाव्याला आलेली एक बाई आईच्या शेजारी बसून म्हणाली, "आपला गेला ती गेला, दुसऱ्याचं पोरबी घिऊन गेला गं."

मी आईला किती वेळा सांगितलं, तो चालवत नव्हता. ती म्हणायची, "मला बरं वाटावं म्हणून सांगतूस." फोनवर रोज तेच. शेवटी एकदा म्हणाली, "तू ती बारक्या गाड्या करतूस न्हवं? मग त्येची गाडी मला करून दाव. कुटं बसल्याला ती बघू दे मला."

तसल्या ट्रकचा, सुटे भाग जुळवायचा संच कुठे मिळत नाही. काकांनी शोधून परदेशी ट्रकचा एक संच मागवला, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा. "याचंच आपल्या गाडीत रूपांतर करू," म्हणाले. नाक कापून प्लॅस्टिकच्या पत्र्याचं नवीन बॉनेट बसवलं. पुढची जाळी चहाच्या गाळणीची. मागची ताडपत्री टिशू पेपर गोंदात भिजवून. वर्षश्राद्धाच्या आधी घरी पोचवायचा होता. मध्ये काकांना तापानं धरलं, म्हणून केबिन मी खोलीवरच जुळवली. संचाच्या कागदावर चित्रं असतात, एक झालं की दुसरं. एकही चूक न करता मी सगळं चिकटवलं, केबिनचं छप्पर म्हणजे टप बसवला, रंग मारला आणि उड्या मारत कामठीला गेलो.

काकांनी ट्रक तळहातावर घेतला. पुढच्या काचेतून आत बॅटरी मारली. मग बाजूच्या काचेतूनही मारली.

"भाऊ चालवून राहिला होता काय गा?"

मला रागच आला. "नाही! तुम्हाला सांगितलंय ना, तो डाव्या बाजूला होता."

"मग हे पाह्य."

स्टेअरिंग डावीकडे होतं. त्या देशात रस्त्याच्या उजव्या अंगानं गाड्या चालतात, त्यामुळे कागदावर तसंच होतं आणि मी तसंच केलं होतं. गाव जे बोलत होतं ते मी माझ्या हातानं, गोंद लावून, पक्कं केलं होतं. तोच ट्रक आईच्या हातात द्यायला निघालो होतो. मी खाली फरशीवर बसलो.

"रडून काय राहिला?" काका म्हणाले. "चूक माही आहे, मले आधी सांगाले पाहिजे होतं. चाल, करवत आण. टप काढू."

"टप काढला तर रंग जाईल सगळा."

"रंग काय, रंग पुन्हा मारता येते."

टप कापला. आतला डॅशबोर्ड खरवडून काढला, डावीकडचं भोक पुट्टीनं बुजवलं, स्टेअरिंग उजवीकडे नेलं. मग मी म्हटलं, टप परत लागला की आईला काय दिसणार? तिला बॅटरी मारून बघायला सांगू? दार उघडलं पाहिजे. काकांनी तोंड वाकडं केलं. एवढ्याशा मॉडेलला उघडतं दार केलं की ते खेळण्यासारखं दिसतं. पण त्यांनीच इंजेक्शनच्या सुईचा तुकडा कापला, त्यात बारीक तार ओवली आणि बिजागरी केली. गोंद आत झिरपू नये म्हणून तारेला व्हॅसलीन. तीन दारं वाया गेली. चौथं फिरलं. नखानं उघडायचं, नखानं मिटायचं. काकूंनी ते एकदा उघडून पाहिलं, हळूच मिटलं आणि आत गेल्या.

शेवटी मॉडेलवर चिखल, ओरखडे, गंज दाखवायची रीत आहे. त्याशिवाय गाडी खरी वाटत नाही. काका ब्रश भिजवून बसले होते. "मारू?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली, नाही. त्यांनी ब्रश धुऊन ठेवला.

घरी पोचलो तेव्हा आई शेळीला पाला घालत होती. तिनं हात धुतले, पुसले, परत पुसले. मी ट्रक घोंगडीवर ठेवला आणि डावीकडचं दार दाखवलं. "हितं बसल्याला आपला."

तिनं नखानं दार उघडलं. ट्रक उजेडाकडं धरून एक डोळा मिटून आत पाहिलं.

"चाक त्या अंगाला हाय."

"व्हय. त्या अंगाला."

"हेच्या म्होरं कायबी न्हाई."

"कायबी न्हाई, आई. नुसता बसल्याला."

किती महिन्यांनी माझा श्वास खालपर्यंत गेला. आईनं दार मिटलं, पुन्हा उघडलं.

"म्हंजी हात मोकळं हुतं त्येचं."

तिचं नख दारावरच होतं.

"मग दार का न्हाई उघडलं रं त्येनं?" तिनं माझ्याकडं पाहिलं. "उघडतंय की."

आणि ती ते उघडत राहिली, मिटत राहिली. आम्ही चौथ्या खेपेला इतकं हलकं जमवलेलं दार. मी उठून शेळीजवळ जाऊन उभा राहिलो.

नागपूरला परतल्यावर काकांनी बसमध्ये काही विचारलं नाही. हिंगण्याला सगळे उतरून गेले, मी बसूनच राहिलो, तेव्हा ते सीटवरून वळले. मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फोन लाव आईले."

"माय, मी नागपूरवरून बोलून राहिलो, तुमच्या पोराचा काका. ऐका माय, आम्ही केलं थे दार खोटं आहे. खऱ्या गाडीचं दार लय जड राहते. गाडी कलंडली की माणूसच दारावर जाऊन पडते. त्यानं उघडून पाह्यलं असन. नाही उघडत थे."

फोन स्पीकरवर होता. आई म्हणाली, "तुमी कवा बसलाय व्हय तसल्या गाडीत?"

काकांनी डोळे मिटले. "नाही बसलो, माय. खोटं काहून बोलू? पण गाड्याच चालवल्या जन्मभर."

"आन् माझं पोरगं जेवतंय का तितं?"

"जेवते. माही बायको सोडतेच नाही."

आईचं मन शांत झालं, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. झालं नाही. ट्रक तिनं फळीवर ठेवलाय, देवांच्या बाजूला नाही, डब्यांच्या बाजूला. अजूनही मधेच फोन करून विचारते, "दार जड असतं, न्हाई रं?" मी म्हणतो, "लय जड, आई." मग ती फोन ठेवते. हे शब्द माझे नाहीत, काकांनी दिलेले आहेत. ते नसते तर मी तिला काय सांगितलं असतं, कुणास ठाऊक.

काकांनी सगळ्या फौजांच्या गाड्या केल्या, पण आयुष्यभर चालवली ती बस कधी केली नाही. तिचा संच जगात कुठेच नाही; पत्रा कापून पहिल्यापासून करावी लागेल. जेवणाच्या सुट्टीत ते डुलकी काढतात तेव्हा मी टेप घेऊन तिच्याभोवती मापं घेत फिरतो. मला अजून तेवढं जमत नाही, भीती वाटते. पण ज्या दिवशी ते रिटायर होऊन गाडीवरून उतरतील, त्याच्या आधी ती बस मी त्यांच्या हातात देईन. कितीही दारं वाया गेली तरी देईन.